‘इस्लामचा खरा इतिहास’ या मेसेजला एका मास्तराचं उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या शाळकरी पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज बरीच वर्षं फिरतो आहे. शिवजयंती आली की तो नव्याने उगवतो. मथळा असा: ‘इस्लामचा खरा इतिहास, जो शाळेत शिकवत नाहीत’. आतलं म्हणणं थोडक्यात सांगतो. इस्लाम तलवारीने जन्मला आणि तलवारीनेच पसरला. मुसलमान चंद्राची आणि काळ्या दगडाची पूजा करतात. आपल्या मुलखात इस्लाम सुलतानांनी आणला, त्याआधी इथे तो नव्हताच. शिवाजी महाराजांची लढाई इस्लामशी होती. त्या धर्मात बाईला काडीचा हक्क नाही. आणि इथले मुसलमान बाहेरचे, त्यांचा मराठीशी संबंध काय? शेवटी आव्हान: ‘खोटं असेल तर सिद्ध करून दाखवा.’

मी याच भागात मराठी शाळेत इतिहास शिकवतो, तेव्हा हे आव्हान माझ्यापुरतं मी घेतलं. हे उत्तर सगळ्या पोरांसाठी आहे, मुसलमान पोरांसाठीही. हा मेसेज त्यांच्याही फोनवर येतो, त्याच वर्गाच्या ग्रुपवर, आणि त्याखाली ती पोरं काहीच लिहीत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. एक आधीच सांगतो: मेसेजमधला शब्द न् शब्द खोटा नाही. जिथे खरं आहे तिथे मी खरंच म्हणेन.

‘इस्लाम तलवारीने जन्मला.’

साल लावून बघा. महंमद पैगंबरांचा जन्म मक्केत, साधारण ५७० साली. वडील जन्माआधीच वारले, आई लहानपणी गेली, आजोबांनी आणि नंतर चुलत्यांनी वाढवलं. मोठेपणी काफिल्यांबरोबर व्यापार केला. वयाच्या चाळिशीत, ६१०च्या सुमारास, आपल्याला ईश्वराचा संदेश येतो असं ते सांगू लागले. संदेश मक्केच्या सावकारांना झोंबणारा होता. ईश्वर एकच आहे, अनाथाचं खाऊ नका, मापात पाप करू नका, मुलगी झाली म्हणून तिला पुरू नका, मेल्यावर प्रत्येकाला हिशेब द्यायचा आहे. पुढची बारा-तेरा वर्षं ते आणि त्यांचे अनुयायी मक्केत मार खात होते. बिलाल नावाच्या हबशी गुलामाला तापलेल्या वाळूवर उताणं पाडून छातीवर धोंडा ठेवला जाई. काही जण समुद्र ओलांडून हबसाणातल्या, म्हणजे आजच्या इथिओपियातल्या, ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला गेले. शेवटी ६२२ साली पैगंबरांनीच मक्का सोडली आणि मदिना गाठली. मुसलमानांचा हिजरी सन तिथून सुरू होतो. एखाद्या विजयापासून तो मोजलेला नाही. घरदार सोडून निघावं लागलं, त्या सालापासून मोजला आहे.

मदिनेत गेल्यावर मात्र लढाया झाल्या. ६२४ला बद्रची, पुढे उहुदची, मग खंदकाची. बनू कुरैझा या ज्यू टोळीतल्या पुरुषांना दिलेला देहदंड आजही वाचताना अंगावर येतो, आणि तो प्रसंग नेमका कसा घडला यावर मुसलमान अभ्यासकांतही वाद आहे. हे झाकून ठेवायचं कारण नाही. पण ६३० साली तीच मक्का ताब्यात आली, तेव्हा वीस वर्षं छळ करणाऱ्या लोकांना, मोजके अपवाद सोडले तर, माफी दिली गेली. मेसेजमध्ये ही ओळ नाही.

‘तलवारीनेच पसरला.’

इथे दोन गोष्टींची गल्लत होते: राज्य पसरणं आणि धर्म पसरणं. अरबांचं राज्य तलवारीनेच पसरलं, त्यात शंका नाही. पैगंबर ६३२ला वारले आणि पुढच्या वीसेक वर्षांत सीरिया, इजिप्त, इराण अरबांकडे गेले. पण राज्य गेलं म्हणून तिथल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी धर्म बदलला नाही. इजिप्तमधले बहुसंख्य लोक त्यानंतरही कित्येक पिढ्या ख्रिस्तीच होते. इराणमध्येही बहुसंख्या मुसलमान व्हायला दोनेकशे वर्षं तरी गेली. जगात सर्वांत जास्त मुसलमान आहेत इंडोनेशियात, आणि तिथे अरबांची फौज कधी उतरलीच नाही. तिथे गेले ते व्यापारी आणि फकीर.

आता आपल्या देशाचं बघा. दिल्लीत सुलतान आणि मोगल मिळून सहाशे वर्षांहून जास्त काळ गादीवर होते. तलवारीने धर्म बदलत असता, तर सर्वांत जास्त मुसलमान दिल्ली-आग्र्याच्या आसपास असायला हवे होते. फाळणीआधी मुसलमानांची बहुसंख्या होती ती पूर्व बंगालात आणि पश्चिम पंजाबात, म्हणजे राजधानीपासून लांब. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने हा मुद्दा नीट मांडला आहे. जबरदस्तीने झालेली धर्मांतरंही इतिहासात आहेत, आणि ती झाली तिथे तो अन्यायच होता. पण कोट्यवधी लोकांच्या श्रद्धेचा उलगडा तेवढ्याने होत नाही.

‘चंद्राची पूजा करतात, काळ्या दगडाची पूजा करतात.’

कुराणाच्या ४१व्या अध्यायातली ३७वी आयत सांगते की सूर्यापुढे नमू नका, चंद्रापुढे नमू नका, ज्याने त्यांना निर्माण केलं त्याच्यापुढे नमा. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना हा आरोप फिरतोच कसा, मला कळत नाही.

चंद्र बघतात तो महिना लागला की नाही हे ठरवायला. आपली तिथीही चंद्रावरच चालते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असतं, सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवसांनी लहान. आपण अधूनमधून अधिक महिना घालून ती तूट भरून काढतो, म्हणून आपली दिवाळी कधी पावसाळ्यात येत नाही. इस्लामी कालगणनेत अधिक महिना घालायला मनाई आहे. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ला तो मे-जूनमध्ये होता. तेव्हा पहाटे साडेचारच्या आत खाऊन घ्यायचं, मग संध्याकाळी सातपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. २०२५ला तो मार्चमध्ये आला आणि एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, पहिल्या पेपरांना अनेक पोरं-पोरी रोजा धरूनच बसली.

दगडाबद्दल मुसलमानांच्याच परंपरेत एक नोंद आहे. दुसरे खलिफा उमर मक्केतल्या काबा या पवित्र वास्तूतल्या काळ्या दगडापाशी उभे राहून म्हणाले, की तू नुसता दगड आहेस हे मला ठाऊक आहे, तू ना कुणाचं भलं करू शकतोस ना वाईट. पैगंबरांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. काबा ही नमाजाची दिशा आहे. सुरुवातीची काही वर्षं तर मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत, मदिनेला गेल्यावर ती दिशा बदलली. बेळगावहून काबा पश्चिमेला पण जरासा उत्तरेकडे पडतो, म्हणून इथल्या मशिदींचं तोंड तसं असतं.

मग ते मानतात काय? ईश्वर एकच आणि महंमद त्याचे प्रेषित, ही साक्ष. दिवसातून पाच वेळा नमाज. रमजानचे रोजे. साठलेल्या धनातून, ते ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर, वर्षाला अडीच टक्के गरिबांना, ही जकात. आणि ऐपत असेल तर जन्मात एकदा हजची यात्रा. मोशे आणि येशू यांनाही ते ईश्वराचे प्रेषित मानतात. येशूच्या आईच्या नावाचा अख्खा अध्याय कुराणात आहे. हे पटावं असा आग्रह नाही. पण शेजारी काय मानतो ते निदान त्याच्या तोंडून ऐकावं.

‘आपल्या मुलखात इस्लाम सुलतानांनी आणला.’

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पुरावे आपल्या दाराशी आहेत.

वेरूळचं कैलास लेणं कोरवून घेणारं राष्ट्रकूट घराणं तुम्ही पुस्तकात वाचलंय. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. अल मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी ९१६च्या सुमारास कोकणात चौलला आला होता. तेव्हा तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते असं त्याने लिहून ठेवलंय, आणि मुसलमानांना राष्ट्रकूटांइतका मान देणारा दुसरा राजा हिंदुस्थानात नाही असंही. पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडलेला ९२६चा ताम्रपट त्याहून बोलका आहे. राष्ट्रकूटांनी संजाणच्या कारभारावर मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी नेमला होता. मधुमती हे महंमदचंच संस्कृतातलं रूप. या मुसलमान अधिकाऱ्याच्या अमदानीत आणि त्याच्या संमतीने देवीच्या मठाला जमीन दिली गेली, ती नोंद त्या ताम्रपटावर आहे.

आता आणखी जवळ या. खानापूर तालुक्यातल्या हलशीला भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, आपल्या शाळांच्या सहली तिथे जातात. ते देऊळ गोव्याच्या कदंबांचं. याच घराण्यातला राजा गुहल्लदेव गलबतातून सोमनाथाच्या यात्रेला निघाला आणि वाटेत गलबताची डोलकाठी मोडली. गोव्याच्या बंदरात त्याला मदत केली ती एका श्रीमंत अरब व्यापाऱ्याने. पुढे राजा पहिला जयकेशी याने त्या व्यापाऱ्याच्या नातवाला आपला मोठा अधिकारी केलं, आणि १०५९च्या ताम्रपटात त्याच्या मशिदीच्या खर्चाची सोय लावून दिलेली आहे. बहामनी वजीर महमूद गवान याने बेळगावचा किल्ला घेतला तो १४७२च्या सुमारास. म्हणजे त्याच्या चारशे वर्षं आधी, एका शिवभक्त घराण्याच्या राज्यात, मशीद होती आणि तिला राजाचा आश्रय होता.

आता दुसरी बाजू, जी मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असती तर त्याने नक्की घातली असती. बेळगावच्या किल्ल्यातली साफा मशीद आदिलशाही सरदार असदखान लारी याने १५१९च्या सुमारास बांधली. तिच्या खांबांकडे नीट बघा. एका खांबावर ११९९चा लेख आहे, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळचा. दुसऱ्यावर १२६१चा, देवगिरीच्या यादव कृष्णाच्या काळचा. मशीद सोळाव्या शतकातली आणि खांब त्याआधी तीनशे वर्षांचे. ते आधीच्या देवळांचे आहेत हे उघड आहे. हे मी वर्गात सांगतो आणि मुसलमान पोरांसमोरही सांगतो. विजेत्यांनी हरलेल्यांची देवस्थानं मोडली, दगड वापरले. त्याच किल्ल्यात १२०४ची कमल बस्ती आहे, जैनांचं देऊळ. छताला पाकळ्या पाकळ्यांचं दगडी कमळ, खाली नेमिनाथ. ती शाबूत आहे. एकाच तटाच्या आत मोडलेलंही दिसतं आणि राखलेलंही, आणि दोन्हीकडे बघितल्याशिवाय तो किल्ला बघितला असं मी म्हणणार नाही.

तलवारीने किल्ले घेतले. घराघरांत श्रद्धा कशी गेली, त्याची एक खूण शेजारच्या विजापुरात सापडते. तिथल्या सूफींनी दखनी बोलीत बायकांसाठी गाणी रचली, त्यांना चक्कीनामा म्हणतात. पहाटे जात्यावर बसून दळता दळता म्हणायची. जात्याचा खुंटा, पाळी, पीठ यांच्यावरून ईश्वराचं नाव कसं घ्यायचं ते त्यात सांगितलेलं. आपल्या आज्या जात्यावर विठ्ठलाच्या ओव्या म्हणायच्या, त्याच वेळी पलीकडच्या घरात ही गाणी चालत असणार. हे काम कुठल्या फौजेला जमणारं नव्हतं.

विजापूरच्याच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने, १५८० ते १६२७ ही त्याची कारकीर्द, ‘किताब-ए-नवरस’ नावाचा गाण्यांचा ग्रंथ लिहिला. त्यात सरस्वतीचं आणि गणपतीचं स्तवन आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत.

‘शिवाजी महाराजांची लढाई इस्लामशी होती.’

महाराजांच्या नावाने खोटं सांगितलेलं मला सर्वांत जास्त लागतं. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ला अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी निवडलेल्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. अफझलखानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग. पायदळाचा एक सरनोबत नूर बेग. फारसी पत्रव्यवहार काझी हैदरकडे. उलट बाजूला बघा: पुरंदरला महाराजांना कोंडीत पकडलं ते मिर्झाराजे जयसिंगांनी, आणि शहाजीराजांना १६४८ला कैद करण्यात पुढे होते मुधोळचे बाजी घोरपडे. मुधोळ इथून लांब नाही.

बेलवडी तर आपल्याच जिल्ह्यात, बैलहोंगल तालुक्यात. दक्षिणेच्या मोहिमेहून परतणाऱ्या मराठी फौजेला १६७८च्या सुमारास तिथली गढी काही आठवडे झुंजवत होती. गढी लढवत होती देसाईंची बायको मल्लम्मा. दोन्हीकडे शंकराला मानणारे लोक. लढाई सत्तेची होती, खंडणीची होती, रसदीची होती.

महाराजांचा द्वेष करणारा एक इतिहासकार होता, मोगलांच्या पदरचा खाफीखान. तो महाराजांना शिव्या देतो आणि त्याच ग्रंथात लिहितो की लुटीला गेल्यावर मशिदीला, कुराणाला आणि कुणाच्याही बायकांना हात लावायचा नाही असा त्यांचा दंडक होता. कुराणाची प्रत हाती आली तर ती मानाने आपल्या मुसलमान माणसाकडे द्यायची. शत्रूने लिहिलेलं हे प्रमाणपत्र आहे, याहून भक्कम पुरावा कुठला हवा?

औरंगजेबाने १६७९ला मुसलमान नसलेल्यांवरचा जिझिया कर पुन्हा लादला तो अन्याय होता. देवळं पाडली तोही अन्याय. जिझियाविरुद्ध महाराजांच्या नावाने असलेलं फारसी पत्र प्रसिद्ध आहे. त्यात औरंगजेबाला त्याच्याच धर्मग्रंथाची आठवण दिली आहे: कुराणात ईश्वराला साऱ्या जगाचा स्वामी म्हटलंय, फक्त मुसलमानांचा नव्हे. म्हणजे बादशहा चुकतोय हे सांगायला पत्रात कुराणच साक्षीला काढलं आहे.

‘बाईला काडीचा हक्क नाही.’

पैगंबरांची पहिली पत्नी खदीजा स्वतः व्यापारी होती आणि पैगंबर आधी तिच्या नोकरीत होते. कुराणाने सातव्या शतकात मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा ठरवून दिला. तो मुलाच्या निम्मा आहे, आणि आजच्या समतेच्या मापाने तो कमीच. पण ‘काडीचाही नाही’ म्हणणाऱ्याने हेही बघावं की आपल्याकडे हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क कर्नाटकात १९९४च्या कायद्याने मिळाला आणि देशभर २००५ला. मुसलमान बायकांवर अन्याय होतात आणि त्याविरुद्ध घरातून आवाज उठलेला आहे, तोही मराठीत. हमीद दलवाई यांनी १९६६ला मुंबईत सात मुसलमान बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला तो तोंडी तलाकच्या विरोधात, आणि १९७०ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. एका दमात दिलेला तलाक सुप्रीम कोर्टाने २०१७ला रद्द ठरवला, त्या कोर्टात दाद मागायला गेल्या होत्या त्याही मुसलमान बायकाच.

‘इथले मुसलमान बाहेरचे, त्यांचा मराठीशी संबंध काय?’

काही घराणी इराण-अरबस्तानातून आली, हे खरं. बाकीचे बागवान, आतार, तांबोळी, पिंजारी, मुलाणी कुठून आले? गावगाड्यात मुलाण्याला बलुत्याचा वाटा होता, तो काही परक्याला कुणी देत नाही. सीमाभागात तर बाजारात मराठी, कचेरीत कन्नड आणि घरात दखनी अशा तिन्ही भाषा लीलया बोलणारी पोरं मुसलमान मोहल्ल्यातच जास्त भेटतात.

मोहरम बघा. ६८० साली करबलाच्या रणात पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले, त्याचा हा शोक. आपल्या खेड्यांत पीर बसतात, पंजांना रेशमी कापड आणि फुलांच्या माळा चढतात, समोर खाईत लाकडं पेटतात, कत्तलच्या रात्री अख्खा गाव जागा असतो. पंजा खांद्यावर घेणारा मानकरी पुष्कळदा हिंदू घरातला असतो आणि चोंग्यांचा निवद त्याच्याच चुलीवर होतो. सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूर गावात मुसलमानांचं एकही घर नाही, तरी तिथे पाच दिवस मोहरम पाळतात. २०२२ला त्याच्या बातम्या आल्या होत्या. निपाणीत दस्तगीर साहेबांच्या उरुसाला कोण कुठल्या जातीचा ते कुणी विचारत नाही. दस्तगीर म्हणजे बाराव्या शतकात बगदादला होऊन गेलेले अब्दुल कादिर जिलानी.

आणि मराठी? श्रीगोंद्याचे शेख महंमद तुकोबांच्या काळातले. त्यांचा ‘योगसंग्राम’ मराठी ओव्यांत आहे आणि वारकरी त्यांना संत मानतात. शाहीर अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्रात यावं म्हणून जी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली, तिच्या सभा अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांच्या जोडीने या माणसाच्या पहाडी आवाजावर भरायच्या. दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत चालणाऱ्या आपल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना त्यांच्याबद्दल विचारा, ते सांगतील.